डावीकडे बघा, उजवीकडे बघा

कुणाच्या दप्तरात गाइड दिसलं की रन सरांच्या कपाळावरची शीर उठायची. ते गाइड हिसकावून खिडकीतून मैदानात भिरकावत आणि पोराला म्हणत, "जा, घेऊन ये. पळत." मग उरलेल्या वर्गाकडे वळून विचारत, "आत्ता तो काय करतोय? रन. ठीक. आणखी काय काय रन होतं, सांगा." आठवीच्या इंग्रजीची सुरुवात दरवर्षी अशीच व्हायची. त्यांचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठं उरलंच नव्हतं.

त्या तासाला फळा पुरायचा नाही. नळ रन होतो, नाक रन होतं, दुकान रन करतात, निवडणुकीला रन करतात, आणि नव्या साडीचा धुण्यात रंग जातो तोही रनच. दौलताबादहून येणारा एक मुलगा उभा राहून म्हणाला होता, "सर, एवढुशा शब्दाला लई राबवलंय की ओ." सर खूश झाले. म्हणाले, "लहान आहे ना तो. लहानाला सगळेच कामाला लावतात." आम्ही सगळे खो-खो हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

शब्दाला एकटं गाठून त्याचा अर्थ विचारू नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा. "जालना रोड ओलांडता ना, तसं करा," ते सांगत. "डावीकडे बघा, उजवीकडे बघा, मग अर्थ ठरवा." पहिला सुचेल तो अर्थ लिहून मोकळं होणाऱ्याला ते वर्गाबाहेर उभं करत. त्यात त्यांचा स्वतःचा मुलगाही असे. प्रसाद माझ्याच वर्गात होता. मास्तरच्या पोराला सूट नाही, असं म्हणून सर त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ उभं ठेवत. मला ते तेव्हाही आवडायचं नाही. सर काही गोड माणूस नव्हते, आणि आज त्यांची कणव येते म्हणून त्यांना गोड करून दाखवायची माझी इच्छा नाही.

पुढं मी वाळूजला एका कंपनीत लागले, आणि गारखेड्यात आमचं घर झालं ते नेमकं सरांच्या घरापासून दोन घरं सोडून. सर निवृत्त होऊन काही वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. शिल्लक राहिला एकच शब्द, रन. डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना कळतं सगळं, फक्त तोंडून आयुष्यभर घोटलेला तेवढा एक शब्द येतो. देवालासुद्धा चेष्टा करायला माणूस बरोबर सापडतो.

सरांच्या बायकोला, काकूंना, मात्र या एका शब्दाचं काही अडलं नाही. पंखा बंद कर, चहात साखर जास्त झाली, डोळ्यावर ऊन येतंय, या पाहुण्याला आता उठव, हे सगळं त्यांना त्या रनमधून कळायचं. कंपनीतून सुटले की मी डोकावून जायची. काकूंना कसं कळतं, असं मी एकदा विचारलं.

"त्यात काय कळायचंय?" काकू म्हणाल्या. "मान कुठं वळली, हात कुठं गेला, ते बघायचं. आन् एवढं करून नाय कळलं तर पुन्हा विचारायचं."

पलंगावरून सर जरा चिडून म्हणाले, "रन."

"बघ, पोरीला चहा दे म्हणतेत," काकू म्हणाल्या. मी सरांकडे पाहिलं, तर त्यांनी मान डोलावली.

मागच्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. प्रसाद पुण्याहून आला. घर विकायचं आणि सरांना पुण्यात एका केअर सेंटरमध्ये ठेवायचं, हे तो येतानाच ठरवून आला होता. तेरावा झाल्यावर त्याने माझ्यादेखत पलंगाशी वाकून विचारलं, "बाबा, पुण्याला जायचं ना? हे घर काढून टाकू ना?"

"रन," सर म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने पलंगाची दांडी अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती, आणि नजर काकूंच्या फोटोवर होती.

"हो म्हणतायत," म्हणून प्रसाद सरळ उभा राहिला.

"प्रसाद, ते नाही म्हणतायत. त्यांचा हात बघ," मी म्हटलं.

त्याने आवाज चढवला नाही. "सगळ्या वर्गासमोर मला बाहेर काढायचे, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं होतं का? आता मी त्यांचा हात बघू?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण करत होता तो अन्यायच होता, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गाडीत बसवताना सर तोच शब्द म्हणत राहिले. गाडीची काच वर गेल्यावरही त्यांचे ओठ हलताना दिसत होते. गल्लीतली आम्ही चार माणसं हात हलवून त्यांना निरोप देत होतो.

परवा न राहवून मी त्या केअर सेंटरला फोन लावला. सांभाळणारी बाई बोलायला गोड होती. आजोबा मजेत आहेत, कसला त्रास म्हणून नाही, असं सांगून म्हणाली, सुरुवातीला एकच शब्द सारखा म्हणायचे, पण आता तोही बंद झालाय, अगदी शांत असतात. ते तसं म्हणायचे तेव्हा तुम्ही काय करायचात, असं मी विचारलं.

"काय करणार, ताई?" ती म्हणाली. "ते इंग्लिशमध्ये बोलायचे. आम्हाला कुठं इंग्लिश येतं?"