अर्ज छान, बाई नापास

आमच्या घरातून कोणी नुसतं रडून परत गेल्याचं मला आठवत नाही. रडणाऱ्याच्या हातात आधी पाण्याचा पेला येतो, मग चहा, आणि चहा संपायच्या आत अर्ज.

बाबांनी सगळी नोकरी स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर काढली, पण प्लांटच्या वसाहतीत, आमच्या सेक्टर सहामध्ये लोक त्यांना ओळखतात ते अर्जांसाठी. कुणाचा नळ गळतो, कुणाच्या आईला जिना चढवत नाही म्हणून तळमजल्याचं क्वार्टर हवं, कुणाच्या दारासमोरचा दिवा महिनाभर बंद आहे. सगळे आमच्याकडे. भंडाऱ्याकडून इकडे हिंदी मुलखात आलेल्या आमच्या शेतकरी घरात कागदावर नीट लिहिता येणारा हा पहिला माणूस, आणि सविनय निवेदनात मावणार नाही असं दुःख जगात नाही यावर त्यांचा ठाम विश्वास. मी त्यांचीच मुलगी. त्यामुळे समुपदेशक व्हायचं म्हटल्यावर मला प्रामाणिकपणे वाटलं, यात शिकण्यासारखं आहे तरी काय?

खरं तर शिकायची पाळी माझ्यावर एका मुलीने आणली. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुख्याध्यापिकांनी एक रिकामी खोली माझ्या ताब्यात दिली आणि म्हणाल्या, मुलं तुमच्याशी मोकळेपणी बोलतात, मधल्या सुट्टीत तुम्हीच बसा. पहिल्याच आठवड्यात दहावीतली एक मुलगी आली. "मॅम, मला वर्गात बसवत नाही," एवढंच म्हणाली. मी पाच मिनिटांत तिला सहा उपाय सांगितले, अभ्यासाचं वेळापत्रक आखून दिलं, बाकही बदलून दिला. ती "थँक्यू मॅम" म्हणाली आणि पुन्हा त्या खोलीकडे फिरकली नाही. मी व्हरांड्यात दिसले की वाट बदलायची. तिला काय सांगायचं होतं ते मला आजही माहीत नाही. हे मला फार लागलं. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी मी समुपदेशनाच्या पदविकेला नाव घातलं.

वर्ग शनिवार-रविवारी, कॅम्प-१ मधल्या एका समाजभवनाच्या वरच्या मजल्यावर. खाली बाजार, त्यामुळे माणसाच्या मनातल्या खोल गोष्टी आम्ही टमाटर आणि गोभीच्या आरोळ्यांत शिकलो. शिकवणाऱ्या मॅडम शेजारच्या दुर्ग शहरातल्या, चार पिढ्यांपासून तिथल्याच मराठी. वर्गात हिंदी बोलायच्या, मला रागवायचं असलं की मात्र मराठीत यायच्या. त्यामुळे वर्षभरात माझ्याशी त्यांचं बरंच मराठी बोलणं झालं.

पुस्तकी पेपर मी पहिल्या फटक्यात काढले. अडकले ते प्रत्यक्ष परीक्षेत. परीक्षा ऐकायला एकदम सोपी. समोर एक अनोळखी माणूस बसतो, स्वतःची एखादी खरी अडचण सांगतो, आणि आपण वीस मिनिटं त्याचं ऐकायचं. प्रश्न विचारलेले चालतात, सल्ला चालत नाही. एकही नाही. तीन वेळा बसता येतं, तिसऱ्यांदा नापास झालं की पूर्ण वर्ष पुन्हा.

पहिल्या वेळी मी तीन मिनिटं दहा सेकंद टिकले. मॅडमच्या हातात घड्याळ होतं, म्हणून आकडा पक्का आहे. एक तरुण सांगत होता की त्याला रात्री झोप लागत नाही, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दूध में जायफल डालकर पियो." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुसऱ्या वेळी मी पदराला गाठ मारून गेले होते. समोर सेक्टरातल्याच एक बाई. सांगायला लागल्या की नवरा दोन वर्षांत रिटायर होणार, हे त्याच्या डोक्यात आल्यापासून तो घरात बोलतच नाही. ड्यूटीवरून येतो, जेवतो, भिंतीकडे बघत बसतो. मी शहाण्यासारखी मान हलवत होते. बारा मिनिटं झाली. मग त्या सहज म्हणाल्या की स्वयंपाकघराचं छतही टपकतं, दोनदा तक्रार केली, कोणी आलं नाही.

त्यापुढचं मला धड आठवत नाही. आठवतं ते इतकंच की माझ्या हातात मूल्यमापनाचा फॉर्म उलटा होता आणि त्यावर मी लिहीत होते, "विषय: स्वयंपाकघरातील छताच्या दुरुस्तीबाबत." क्वार्टर नंबर विचारला, ब्लॉक विचारला, खाली त्यांची सही घेतली. बाई इतक्या खूश झाल्या की काही विचारू नका. नवऱ्याचं दुःख छतासोबत वाहून गेलं होतं.

मॅडमनी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला.

"अर्ज छान आहे," त्या म्हणाल्या. "एकदम बढिया. ह्यांचं छत नक्की दुरुस्त होईल."

"हो ना?" मी म्हटलं.

"आणि तुम्ही नापास."

चौथ्या दिवशी छत खरोखर दुरुस्त झालं. बाई पेढे घेऊन घरी आल्या. ज्या परीक्षेत आपण नापास झालो तिचे पेढे खाणारी मी त्या वर्गातली एकटीच असेन. बाबांनी दोन खाल्ले आणि अर्जाची नक्कल मागितली. मला मात्र हसू आणि रडू एकत्र येत होतं. तिसरी परीक्षा पंधरा दिवसांवर होती, आणि जित्याची खोड काय पंधरा दिवसांत जाते?

त्या संध्याकाळी मी बाबांवरच चिडले. म्हटलं, "तुमच्यामुळे होतं हे सगळं. कोणी तोंड उघडलं की मला कागदच दिसतो."

बाबा अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसले होते. रागावले नाहीत. म्हणाले, "कावून, प्लांटमधी म्या काय अर्जच लिहिले का बापा? चार्ज कसा घेत होतो, ते तुले कधी सांगितलंच नाही."

मग त्यांनी सांगितलं. शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला चार्ज देतो, म्हणजे आठ तासांत भट्टीचं काय काय झालं ते सगळं सांगतो. "तो सांगे, अमक्या नंबरचं दार लीक करून राहिलं, तमक्या ठिकाणी गरमी जास्त आहे. आपुन फक्त आयकाचं. तो थकलेला रायते, त्याले घरी जायची घाई. मधात बोललं, की असं कर न, तसं कावून नाही केलं, तं तो चिडे. अर्धंच सांगून निंगून जाय. मंग उरलेलं आपल्याले भट्टी सांगे." शेंगेचं टरफल टाकत ते हसले. "म्हणून म्या मधात काही बोलत नव्हतो. त्याचं झालं की फक्त इचारो, आनखी?"

"आणि मग?"

"मंग तो जे सांगे ना, तेच खरं असे."

वर्षभर जाडजाड पुस्तकांतून मॅडमनी जे माझ्या डोक्यात घालायचा प्रयत्न केला, ते या माणसाने शेंगा सोलता सोलता सांगून टाकलं होतं. मला आनंद झाला, आणि थोडा रागही आला, की हे आधी सांगायला काय झालं होतं? मग लक्षात आलं, आधी मी विचारलं नव्हतं.

पंधरा दिवस मी घरादारावर सराव केला. नवरा प्लांटमधून दुपारच्या शिफ्टहून आला की मी त्याच्यासमोर बसायचे आणि विचारायचे, "आणखी?" तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आणखी काही नाही, भाजी वाढ." भाजीवाल्याला विचारलं, त्याला वाटलं मला भाव आणखी कमी करून हवाय. शेजारच्या काकू मात्र अशा सुरू झाल्या की दुधाचं पातेलं उतू गेलं तरी मला उठता येईना.

तिसऱ्या परीक्षेला समोर नंदिनी नगरहून आलेल्या एक बाई होत्या. मुलगी पुण्याला नोकरीला गेली, तेव्हापासून त्यांना स्वयंपाकच करवत नव्हता. माझ्या जिभेवर भजनी मंडळ आलं, शिवणकाम आलं, व्हिडिओ कॉल आला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. त्या थांबल्या. खाली कोणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं. मी म्हटलं, "और?"

त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या की मुलगी गेली याचं दुःख नाही, ती जाताना एकदाही मागे वळली नाही याचं आहे. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. वीस मिनिटं कधी झाली ते मला घड्याळ वाजल्यावर कळलं. मॅडम हिंदीतच बोलल्या, त्यावरूनच मी ओळखलं की पास झाले.

जिलेबी घेऊन घरी आले तेव्हा बाबा एकटेच होते. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, पाठीवर हात ठेवला. मग बाजूची खुर्ची ओढून म्हणाले, "बस इथं. मले वीस मिनिटं दे."

मी घाबरलेच. म्हटलं, "बाबा, घरच्यांचं समुपदेशन करायचं नसतं. नियम आहे तसा."

"मले काउंसलर नको. पोरगी पायजे."

मी बसले. बाबा बोलायला लागले ते आईबद्दल. आई जाऊन अकरा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत ते तिच्या आजारपणाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. "दवाखान्यात होती तवा म्या रोज तिले सांगो, हे खाय, ते नको खाऊ, नागपूरले दाखवू, घाबरू नको. एक दिवस म्हणे, तुमी जरा चूप बसा न माह्यापाशी, मले बोलाचं आहे. म्या म्हटलं, बसतो, आधी तुह्या रिपोर्टचं पाहून येतो. पाहून आलो तं तिचा डोळा लागला होता." त्यांनी जिलेबीचा पुडा बाजूला सारला. "मंग पुन्हा कधी म्हणलीच नाही. काय बोलाचं होतं तिले, कोण जाणे."

तुमचं काही चुकलं नाही बाबा, हे वाक्य माझ्या ओठांवर पूर्ण तयार होतं. ते मी गिळलं. आयुष्यात इतकं कठीण मी काही केलेलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे वळले. "आन तुले?" म्हणाले. "माय गेली तवा तुले कसं वाटलं, ते म्या तुलेही नाही इचारलं. पाहुण्यांच्या चहापाण्यालेच लावून देलं."

मी म्हटलं, जाऊ द्या बाबा, झालं ते झालं.

ते माझा हात धरून राहिले. नुसते माझ्याकडे बघत थांबले.

मग मी सांगायला लागले. आईच्या साडीची घडी घालताना तिच्या वासाने मी ती कशी पुन्हा पुन्हा उलगडत बसले होते, सगळे म्हणत होते तू तरी खंबीर राहा आणि मला त्या सगळ्यांचा किती राग आला होता, आणि शेवटच्या आठवड्यात मी शाळेच्या परीक्षांमुळे दवाखान्यात एक दिवस उशिरा पोचले ते अजून कसं सलतं. हुंदके देत, नाक पुसत, कसंही वेडंवाकडं सांगत गेले. अकरा वर्षांचं होतं, पुष्कळ वेळ लागला. बाबा मधे एक शब्द बोलले नाहीत.