सिग्नलमामांची साक्ष

सिग्नलमामा कुणाकडेही पाठ करून जात नसत. निरोप घेतला की तोंड आपल्याकडेच ठेवून चार-पाच पावलं मागे सरकायचे, हाताने दाराची चौकट चाचपायचे, टाचेने उंबरा शोधायचे आणि बाहेर पडल्यावरच वळायचे. नांदेडात जुन्या मोंढ्याजवळ माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या मुली त्यांना बघून तोंडावर ओढणी धरून हसायच्या. देवळातून, गुरुद्वाऱ्यातून लोक असे मागे सरकत बाहेर येतात हे आम्हाला माहीत होतं. पण टायपिंग इन्स्टिट्यूटला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. एकदा असेच सरकता सरकता ते पाण्याच्या माठावर आदळले आणि माठ फुटला. पुढच्या खेपेला अर्धापूरहून नवा माठ घेऊन आले, बसमध्ये मांडीवर धरून.

अर्धापूरला त्यांची केळीची बाग होती. समुद्रापासून इतक्या लांबचा हा माणूस तरुणपणी नौदलात गेला आणि जहाजावर सिग्नलच्या कामाला लागला. दिव्यांनी, बावट्यांनी एका जहाजाचा निरोप दुसऱ्याला कळवायचा आणि काय घडलं ते वेळेसकट वहीत लिहायचं, हे काम. निवृत्त होऊन गावी आल्यावर 'सिग्नलला होतो' एवढं म्हणाले आणि अर्ध्या गावाने ठरवून टाकलं की हे मुदखेड स्टेशनात होते. लोक त्यांना गाडी किती लेट आहे ते विचारायला लागले. मामांनी आधी समजावून सांगितलं, मग कंटाळून अंदाजे वेळ सांगायला सुरुवात केली.

"बरोबर निघते का तुमची वेळ?" मी एकदा विचारलं.

"आपल्याकडं गाडी लेटच असतीय माय. चुकतंय कशाला?"

मला ते आधी मॅडम म्हणायचे. दुसऱ्या वर्षापासून माय म्हणायला लागले आणि मग मी त्यांच्याकडून टायपिंगचे पैसे घेणं बंद केलं, कारण माय म्हणणाऱ्या माणसाकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही.

दरवर्षी नौदलाच्या कचेरीला पाठवायचा तो अर्ज त्यांना तोंडपाठ होता. लढाईच्या दिवसांत त्यांच्या छोट्या जहाजाची शत्रूच्या जहाजाशी गाठ पडली होती. त्यात उदगीरचा बसवराज गेला. बसू म्हणायचे त्याला. मराठवाड्यातले दोघंच त्या जहाजावर, त्यामुळे भावासारखे. बसूचं प्रेत मिळालं नाही आणि सरकारी कागदात त्याच्या नावापुढे 'समुद्रात पडून बेपत्ता' एवढेच शब्द लागले. तो पडला नाही, तोफ चालवताना मारला गेला, मी स्वतः पाहिलं, तशी नोंद करा, असं मामांचं म्हणणं. त्यावर कचेरीचं ठरलेलं उत्तर यायचं की त्या दिवसाच्या चकमकीचे आपल्या बाजूचे कोणतेही अभिलेख उपलब्ध नाहीत. दरवर्षी मी अर्ज टाइप करायची आणि दरवर्षी तेच उत्तर त्यांना वाचून दाखवायची.

"अभिलेख म्हंजे कागदच ना?" ते विचारायचे.

"हो."

"मग कागद हरवले म्हणावं की सरळ. अभिलेख म्हणलं की कुणाची चूकच वाटत न्हाई."

'लिहिलं न्हाई ते झालं न्हाई,' हे त्यांचं आवडतं वाक्य. जहाजावर वरिष्ठांनी शिकवलेलं. त्या वाक्याचा त्यांनी इतका धसका घेतला होता की घरात पाहुणा आला, पाऊस थांबला, म्हैस व्याली, सगळं वेळेसकट वहीत उतरायचं. त्यांच्या मुलीने मला ती वही दाखवली होती. एका पानावर 'सकाळी आठ वीस, जावई रुसले' आणि खाली 'नऊ पाच, जावई जेवले' असं होतं. इतिहासकारांनी शिकावं असं ते लेखन होतं.

एका उन्हाळ्यात मी त्यांच्या बागेत गेले होते. केळीच्या बागेत दुपारी एक हिरवा उजेड असतो. बाहेर ऊन रणरणत असतं आणि आत पाणी पाजलेल्या मातीचा गारवा. मामा बाजेवर आडवे पडले होते. "डोळे मीट आन ऐक," म्हणाले. वरची पानं हलत होती. लांबून काहीतरी येतंय, येतंय, आणि पोचायच्या आधीच मागे जातंय, असा तो आवाज. मी डोळे मिटले आणि खरंच सांगते, समुद्र मी तोवर एकदाच पाहिला होता, पण पायाखालची जमीन हलकेच वरखाली झाल्यासारखी वाटली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मामा तशाच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "कागद कुठं गेले ते मला ठाऊक हाय. म्याच बुडवले."

जहाजावर गुप्त सांकेतिक पुस्तकांसाठी जाड कापडाची एक पिशवी असते. तिच्या तळाला शिसं घातलेलं. जहाज शत्रूच्या हाती पडणार असं दिसलं की ती समुद्रात सोडायची, म्हणजे ती तरंगत नाही, तळ गाठते. त्या सकाळी धुकं होतं. शत्रूचं मोठं जहाज धुक्यातून एकदम पुढ्यात आलं. कप्तान जखमी झाले, जहाज आता जाणार असं वाटलं आणि त्यांनी ओरडून सांगितलं, पिशवी टाक. मामांनी टाकली. पण तिच्यात पुस्तकांबरोबर त्या दिवसाची नोंदवहीही होती. ती तिथे असायला नको होती. मामा स्वभावाने व्यवस्थित. लिहून झालं की वही उघडी ठेवायची नाही, हाताशी असलेल्या पिशवीत सरकवायची, ही त्यांची सवय. कुठल्या क्षणी कुणी तोफ डागली, सगळं त्या वहीत होतं. पुढे जहाज बुडालंच नाही. धुक्याचा आडोसा मिळाला आणि ते कसंबसं बंदराला लागलं. कप्तान वाटेतच वारले.

"कदी कदी सपनात वही दिसतीय," मामा म्हणाले. "तळाला उघडी पडलीय. माशे येतेत, पानं वाचून राहिलेत. वाचतेत आन निघून जातेत. एक बी साक्ष द्यायला वर येत न्हाई."

पानं वाजत राहिली आणि मामांना झोप लागली.

लातूरला नोकरीला गेलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने पुढे एक गोष्ट शोधून पाठवली. त्या चकमकीबद्दल शत्रूच्या बाजूच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने लिहिलं होतं. त्यांच्या बाजूचे कागद शाबूत होते ना. मी मोठ्या उत्साहाने मामांना बोलावलं आणि त्याचं लिखाण मी त्यांना मराठीत सांगायला लागले आणि सांगता सांगता माझाच आवाज उतरला. समोरच्या जहाजाने एकही गोळी झाडली नाही, ते वळून पळालं, आणि पळताना त्याच्या पुढच्या टोकावरून एक माणूस घाबरून पाण्यात उडी मारताना दिसला, असं त्या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं.

पुढच्या टोकावर एकच माणूस होता. बसू.

मी चिडले. म्हटलं, "मामा, आता नुसतं 'मी पाहिलं' म्हणून भागणार नाही. बारीकसारीक सगळं लिहू. गोळी कुठे लागली? तो पडला तो कोणत्या अंगाला? तुम्ही किती अंतरावर होता?" मी कीबोर्डवर बोटं ठेवून वाट बघत बसले. मामांनी टोपी काढली, परत घातली. मग उठले, मागे सरकत सरकत बाहेर गेले आणि दोन महिने फिरकलेच नाहीत.

आले तेव्हा खुर्चीत बसलेही नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "माय, म्या पाह्यलं न्हाई."

"काय पाहिलं नाही?"

"बसूला. पिशवी मागल्या टोकाहून सोडली. त्याची तोफ पुढल्या टोकाला. माझी पाठ होती त्याच्याकडं. वळलो तर तोफेवर कुणीच न्हाई."

मला राग आला. इतकी वर्षं 'स्वतः पाहिले' हे शब्द मी माझ्या बोटांनी बडवले होते. आता तो अधिकारी खोटा आणि आमचा साक्षीदारही खोटा. चांगलं सुनवावं म्हणून मी मान वर केली. मामा दाराशी उभे होते, परत जायच्या तयारीत, तोंड माझ्याकडे करून, एक हात मागे चौकटीवर. माझा राग तिथेच विरला. त्या दिवसापासून मी मुलींना हसू दिलं नाही.

"अर्ज बदलू," मी म्हटलं. "खरं ते लिहू."

"आदी गंगक्काला सांगावं लागल," ते म्हणाले.

गंगक्का म्हणजे बसूची मोठी बहीण. उदगीरजवळच्या खेड्यात राहायची. मामा वर्षातून दोनदा तिच्याकडे केळीचा घड घेऊन जायचे आणि तिचा भाऊ तोफेवर कसा लढला, कसा पडला, ते सांगून यायचे. आता तिला काय तोंड दाखवायचं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. कचेरीचं त्यांना काही वाटत नव्हतं. म्हणून मी सोबत निघाले.

कंधार मागे पडलं आणि रस्ता चढउताराचा झाला. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, फुलावर आलेली, पिवळी. बस चढावर हळू व्हायची आणि उतारावर सुटायची. मामा मांडीवर केळीचा घड घेऊन डोळे मिटून बसले होते आणि शरीर बसबरोबर सैल सोडलं होतं. मला वाटलं झोपले. पण प्रत्येक चढाच्या आधी पुटपुटत होते, "आली... मोठी हाय... गेली." खिडकीतून पिवळा उजेड त्यांच्या तोंडावरून सरकत होता. आम्ही कुठेच पोचू नये, असंच जात राहावं, असं मला वाटून गेलं. त्यांना तर वाटतच असणार.

"बर्री, कूड्री," असं कानडीत या-बसा म्हणत गंगक्काने ओसरीवर घोंगडी अंथरली. ऐंशीच्या पुढची, कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत. मामांनी घड खाली ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. वही बुडवली ते, पाठ होती ते, आणि इतकी वर्षं खोटं बोललो ते.

गंगक्काने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं की."

"कसं काय अक्का?" मामा म्हणाले.

"कदी गोळी छातीत लागली म्हणायचास, कदी खांद्यात. येकदा तर पोटात बी लागली. बसू काय चाळण होता का?"

"मग बोलली न्हाईस अक्का?"

"यवढ्या लांबून केळी वाहून आणतोस. तुला काय बोलू?" मग ती जरा पुढे सरकली. "पण तोफ वाजली, त्ये खरं का त्ये बी खोटं?"

"त्ये खरं हाय. पाठीमागं वाजून राहिली होती. पिशवी बुडाली तरी वाजून राहिली होती. बुडबुडे थांबले, मंग थांबली."

"तोफेवर किती माणसं असतेत?"

"एका माणसाची तोफ ती."

"मग ती काय आपली आपण वाजली?" गंगक्का म्हणाली. "जो भिऊन उडी मारणार त्यो आदी मारल का तोफ संपवून मारल? तू ऐकलंस ना? मग ऐकलंस म्हणून लिही. बघितलं म्हणून कशाला लिहितोस? बस खाली."

मामा बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गंगक्काने घडातली दोन केळी तोडून आमच्या हातात दिली.

नवा अर्ज मामांनी स्वतः सांगितला आणि मी एक शब्द बदलला नाही. मी पाहिले नाही, माझी पाठ होती. मी तोफ ऐकली. नोंदवही माझ्या हातून बुडाली, ती चूक माझी. तोफेवर बसवराज एकटा होता. खाली त्यांनी सही केली. अर्ज पाकिटात घातला, आणि त्या दिवशी मामा उठले, 'येतो माय' म्हणाले आणि चक्क वळून, चारचौघांसारखे दारातून चालत गेले. मी त्यांची पाठ पहिल्यांदाच पाहिली. थोडी वाकली होती.

पुढच्या वैशाखात ते गेले. दुपारी बागेत बाजेवर आडवे झाले आणि चहाला उठलेच नाहीत. त्यांच्या मुलीने वहीत वेळ लिहिली.

कचेरीचं उत्तर आलं ते आषाढात. आपल्या बाजूचे अभिलेख उपलब्ध नाहीत, हे नेहमीचं वाक्य होतंच. नोंदीत बदल करता येत नाही, हेही होतं. पण शेवटी एक ओळ नवी होती. आपले निवेदन बसवराज यांच्या मूळ फाईलमध्ये समाविष्ट करून जतन करण्यात आले आहे. बास, एवढंच. हे यश म्हणायचं की अपयश, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी गंगक्काला फोन लावला आणि वाचून दाखवलं. तिला पहिल्यांदा कळलं नाही, म्हणून सोपं करून सांगितलं की बसूची एक फाईल आहे, तिच्यात आता मामांचा कागद लावलाय.

"त्यात बसूचं नाव हाय?"

"हो."

"आन ह्याचं?"

"खाली सही आहे त्यांची."

 

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "पोरगं इतकी वर्सं तितं येकलंच होतं."