शुक्रवारी न लिहिणारी मावशी

सप्टेंबर १९७२, बुधवार, संध्याकाळी साडेपाच. कॉव्हेंट्रीच्या टेक्निकल कॉलेजची नोंदणीची खिडकी. हजर: मावशी, मी, वय पंधरा, खिडकीतला कारकून, आणि आमच्यामागे ताटकळलेले सहा जण.

जगात दोनच प्रकारचे नियम असतात, एक देवाने केलेले आणि दुसरे मोडण्यासाठी केलेले, असं मावशीचं ठाम मत होतं. ती माझी सख्खी मावशी नव्हे. आईची मैत्रीण, मुंबईची बेने इस्रायली ज्यू, इथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्याच्या कामाला. देवाचे नियम ती इतके कडक पाळी, की शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीत, ती लिहीत नसे, विस्तव पेटवत नसे, बसमध्ये चढत नसे. "आम्ही शनवार तेली. शनवारी घाणा बंद म्हणजे बंद," असं ती इंग्रज शेजारणीलासुद्धा मराठीतच ऐकवी, आणि शेजारीण मान डोलवून तिचा हीटर लावून जाई. माणसांच्या नियमांचं मात्र तिला वावडं होतं. गवतावर चालू नये अशी पाटी दिसली, की ती वाट वाकडी करून गवतावरून जाई. इस्पितळात डॉक्टरांच्या जेवणघरात बसून आपला डबा खाई. एकदा तिला हटकायला दोन तरुण डॉक्टर आले. तिने नारळाच्या रसातल्या पापलेटाचा डबा पुढे सरकवला. ते दोघे पुढे रोज तिच्याच टेबलावर बसू लागले.

मी तेराव्या वर्षी विलायतेत आले, तोवर चांगल्या शाळेसाठीची निवड-परीक्षा होऊन गेली होती. उरलेल्या शाळेने मला टायपिंग आणि स्वयंपाकाच्या वर्गात बसवलं. मला प्रयोगशाळेत काम करायचं होतं. टेक्निकल कॉलेजात शुक्रवारी संध्याकाळी रसायनशास्त्राचा वर्ग भरे. तो वर्षभर करून परीक्षा पास झालं, की कॉलेजच्या अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष पुरं झालं असं धरत. म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचं एक वर्ष पदरात. अट एकच, प्रवेशाच्या वेळी सोळा पूर्ण. मला सोळा वर्षं पुढच्या मे महिन्यात पूर्ण होणार होती. मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं, टायपिंगमध्येही मुलीचं भलं होतं.

मावशीने हे सगळं ऐकून घेतलं आणि वर्गात स्वतःचंच नाव घातलं. पास झाल्याचा कागद तिलाही हवाच होता. तो मिळाला तर नळ्या धुणं सुटून तपासण्या करायचं काम मिळणार होतं. फॉर्म खिडकीतून आत सरकवत ती कारकुनाला म्हणाली, "शुक्रवारी अंधार पडल्यावर मी लिहीत नाही. ही माझी लेखनिक. लेखनिकाच्या वयाचा नियम असेल तर दाखवा." कारकुनाने दोन फायली चाळल्या, मागच्या सहा जणांचे चेहरे पाहिले आणि शिक्का मारला.

विलायतेतल्या हिवाळ्यात सूर्य चारलाच गाशा गुंडाळतो, त्यामुळे आमचं उत्तम चाललं. बस वर्ज्य म्हणून अडीच मैल चालत जायचं. छत्री उघडणंही वर्ज्य, म्हणून ती मी उघडून दोघींवर धरायची. वर्गात टिपणं मी काढायची, बर्नर मी पेटवायची, नळी मी धरायची. मावशी पाठीमागे हात बांधून माझ्या कानाशी उभी. रंग बदलायच्या आधी तिला कळे. "आता थांब. थांब म्हटलं ना गं गाढवे," असं ती कुजबुजे, आणि कुजबूज शेवटच्या बाकापर्यंत पोचे. आमचे मास्तर वेल्श, चर्चला नेमाने जाणारे. दुसऱ्याच्या शब्बाथचाही त्यांना आदर. एप्रिलमध्ये दिवस मोठा झाला तसे ते खिडकीकडे पाहू लागले. मावशी म्हणाली, आमच्यात शब्बाथ थोडा लवकरही धरता येतो. मे महिन्यात तिने सरळ पडदे ओढून घेतले.

परीक्षा मात्र जूनमधल्या एका शुक्रवारी होती, संध्याकाळी सहाला, लख्ख उन्हात. एवढ्या उन्हात शब्बाथ धरायची सोय तिच्या देवानेही ठेवलेली नव्हती. मास्तर दारातच शांतपणे म्हणाले, की अजून तीन तास उजेड आहे, आज बाईंनी स्वतः लिहावं आणि मुलीने बाहेर थांबावं.

"मी कशाला लिहू?" मावशी म्हणाली. "परीक्षा हिची आहे. फॉर्म बघा."

तिने एप्रिलमध्ये भरलेल्या परीक्षेच्या फॉर्मवर माझं नाव होतं. सोळाची अट वर्गात शिरायला आहे, परीक्षेला कुठे लिहिली आहे ते दाखवा, आणि हिला तर गेल्याच महिन्यात सोळा पूर्ण झाली, असं ती म्हणाली. मास्तर म्हणाले, हजेरीपटावर नाव तुमचं आहे, आणि एका हजेरीवर एकच उमेदवार बसू शकतो.

"म्हणून एकच पाठवलाय. वर्षभर नळी कुणाच्या हातात होती, ते तुम्ही पाहिलंय. मी तर खांबासारखी उभी होते."

मास्तरांनी तो फॉर्म बराच वेळ वाचला. मग माझ्यासाठी खुर्ची ओढली.

मी मराठीत विचारलं, "मावशी, मग तुमचं काय?"

"पुढल्या वर्षी. बस खाली, आणि पहिला प्रश्न दोनदा वाच."

ती बाहेर पायरीवर बसून राहिली. मी पास झाले आणि शाळा सुटल्यावर थेट कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात गेले. निकालाच्या दिवशी मावशीने गोड पोह्यांचा मलिदा केला, शेजारणीलाही दिला. पुढल्या वर्षी तो वर्ग बंद झाला. मावशी निवृत्त होईपर्यंत नळ्या धूत राहिली, आणि नळीच्या तळाशी उरलेल्या गाळावरून तपासणी कुठे चुकली ते नव्या मुलांना सांगत राहिली. ते चिडत आणि तपासणी पुन्हा करत.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. मी कॉलेजला पत्र लिहिलं: ती वर्षभर एकही शुक्रवार न चुकता वर्गात होती, तसा एक कागद तिच्या नावाने द्या. हजेरीपट हरवला आहे असं कळलं, म्हणून पुरावा म्हणून वर्गाची वही पाठवली. वही परत आली, सोबत सभ्य पत्र: अक्षर आपलं दिसतं, तेव्हा या वहीवरून त्या बाई वर्गात होत्या असं म्हणता येत नाही. मावशीने यावर काय सुनावलं असतं ते मला नेमकं ठाऊक आहे. ते तितक्याच उद्धटपणे इंग्रजीत उतरवायचा मी चारदा प्रयत्न केला. उत्तर अजून पाठवायचं आहे.