नव्या विहिरीचा पहिला लोटा

नागपूरच्या इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान होतं. मी सरकारी नोकरीवर निघालो तेव्हा थोरल्या भावानं दुकानातला सगळ्यात जड फिरकीचा तांब्या काढून माझ्या हातात दिला आणि बजावलं, "गावोगाव फिरशीन, पन कोनाच्या घरचं पानी पिजो नको." आमच्या खात्याचा नियमही नेमका हाच होता. खात्याला भीती रोगाची, भावाला जातीची. सल्ला मात्र एकच निघाला, त्यामुळे मी तो कोणाचा म्हणून पाळतो आहे, हे स्वतःला विचारायची वेळ बरीच वर्षं आली नाही.

मी आरोग्य खात्यात होतो. उन्हाळ्यात पटकी सुरू झाली की सदर भागातल्या कचेरीतून हुकूम यायचा आणि मी छोट्या रुळांच्या आगगाडीनं भिवापूरकडे निघायचो. पुढे बैलबंडी मिळाली तर बंडीनं, नाहीतर पायी. काम एकच, विहिरींत लाल दवा टाकायची. तिचे जांभळे दाणे बादलीत घोळायचे, बादली विहिरीत सोडून हिंदकळायची आणि सगळ्या पाण्यावर गुलाबी रंग चढेपर्यंत ते करत राहायचं. त्या दिवशी विहीर बंद. दुसऱ्या दिवशी रंग गेला की पाणी प्यायला मोकळं.

ऐकायला किती सोपं! पण लोकांना ते लाल पाणी पाहूनच शिसारी यायची. शिवाय जिथे पटकी तिथे मी, म्हणून मीच ती घेऊन येतो, अशी गावोगावची समजूत. लोक मला बघून दारं लावत. चावडीवर माझी वळकटी पडली की रोज तिथे पानं खात बसणारे म्हातारेही दुसरा ओटा शोधत. कोणी सभ्यपणे पाणी पुढे केलंच, तर मी "तहान नाही" म्हणायचो. पाहुण्यानं दारात येऊन पाणी नाकारायचं, म्हणजे त्या घराचा अपमानच की. पण माझ्याबरोबर नोकरीला लागलेला एक सोबती पहिल्याच उन्हाळ्यात एका घरचं ताक पिऊन पटकीनं गेला होता. मी काही शूर माणूस नव्हतो. चावडीत एकटा बसून माझ्या तांब्याची फिरकी उघडायचो आणि नागपूरचं उकळलेलं, आता कोमट झालेलं पाणी घोट घोट पुरवायचो. नागपुरातही वाट बघणारं कोणी नव्हतं. बायको पहिल्या बाळंतपणातच गेली होती.

भिवापूरच्या पलीकडे, मिरचीच्या वाड्या संपतात तिथे एक गाव होतं. गावात तीन विहिरी. गावाबाहेर नाल्याकाठी अस्पृश्यांची वस्ती, तिला एकही नाही. त्या बाया गावच्या विहिरीशी लांब उभ्या राहायच्या आणि कोणाच्या मनात आलं तर वरून त्यांच्या मडक्यात पाणी ओतलं जायचं. नाहीतर नाल्याच्या वाळूत खणलेला झिरा होताच. वाटीवाटीनं त्यात पाणी साचायचं, आणि त्याच नाल्यात वरच्या अंगाला गावची गुरं लोळायची.

मी तिन्ही विहिरींत दवा टाकून नोंदवहीत "गावातील सर्व विहिरी" असं लिहिलं आणि निघालो. वस्तीच्या टोकाला एका बाईनं मला थांबवलं. पन्नाशीची असेल. गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातात जन्माला आलं होतं, आणि त्याच गावच्या विहिरीला तो हात लागलेला चालत नव्हता.

"आमच्या झिऱ्यात काहून नाही टाकून राह्यले जी दवा?" तिनं विचारलं.

"ते पाझरतं पाणी आहे. दवा टिकत नाही त्यात."

"म्हंजे आमी मेलो तं चालते."

असं तोंडावर मला कोणी बोललं नव्हतं. रागावायला हवं होतं, पण मी तिच्या दारासमोरच्या दगडावर मटकन बसलो. कोणीतरी आपणहून माझ्याशी बोललं याचंच मला इतकं बरं वाटलं. तीही उंबऱ्यात बसली. मग तिनं मला वस्तीतल्या कोणत्या घरातून गेल्या साली किती माणसं गेली ते बोट दाखवून सांगितलं. तिचा एकुलता एक लेकही त्यात होता.

त्या दिवसापासून वस्तीसाठी विहीर हे माझं वेड झालं. दोन वर्षं मी अर्ज लिहिले, साहेबांच्या मागे लागलो, गावच्या मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, मनधरणी केली. तुमच्या विहिरीवरची कटकट जाईल, असं सांगून त्याच्याकडून जागा सोडवली. यात माझा मोठेपणा फारसा नव्हता. त्या दगडावर जाऊन बसायला मला कारण हवं होतं. साथ असो नसो, मी वाट वाकडी करून तिकडे जायचो. ती माझी चेष्टा करायची, "लाल पान्याचे साहेब आले वं," म्हणून शेजारणीला हाक मारायची. माझ्या बायकोबद्दल जगात त्या एका बाईनं मला नीट विचारलं. बाळ आडवं होतं का, कळा किती वेळ होत्या, हे सगळं विचारलं आणि मग म्हणाली, "मी असती तं वाचवली असती." तिनं खरंच वाचवली असती, असं मला आजही वाटतं.

या दोन वर्षांत तिनं मला पाणी कधी विचारलं नाही. तिच्या हातचं मी घेणार नाही हे तिनं गृहीत धरलं होतं, आणि ते नाकारायची पाळी माझ्यावर येत नव्हती म्हणून मी सुखात होतो. फक्त एकदा, खणायला सुरुवात झाली तेव्हा, ती म्हणाली, "आमच्या विहिरीले पानी लागू द्या. पयला लोटा तुमाले. पिसान ना जी?"

"पिईन," मी म्हणालो. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि मी पुन्हा पुन्हा हो म्हणत राहिलो.

वस्तीनं स्वतःच्या हातांनी विहीर खणली, दगड बांधले. पाणी लागून चढल्याचा निरोप आला तसा मी निघालो. सगळी वस्ती जमली होती. मालगुजार दूर कडुनिंबाखाली खाट टाकून बसला होता. विहिरीच्या काठाला हळदकुंकू वाहिलेलं. सुईणबाईनं दोर ओढला, घासून लखलखीत केलेला लोटा भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. ती हसत होती. तिला इतकं मनापासून हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

माझा हात लोट्याकडे गेला नाही, पिशवीत गेला.

"थांबा," मी म्हणालो. "नवी विहीर आहे, आत माणसं उतरली आहेत. आधी दवा."

नियम तसाच होता. शेजारच्या गावात पटकी होती, हेही खरं. मी दाणे बादलीत घोळले, बादली सोडली, हिंदकळली. त्यांचं कोरं पाणी माझ्या हातानं लाल झालं. मग एक म्हातारा हळूच म्हणाला, "आमचं पानीबी धुवून घेऊन राह्यले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विटाळ झाला की वरचे लोक गोमूत्र शिंपडतात, ते या माणसांनी जन्मभर पाहिलं होतं. मी त्यांच्यादेखत त्यांच्या विहिरीचं तेच केलं होतं. मी घाईघाईनं रोगाचे जंतू, साथ, खात्याचा नियम सगळं समजावायला लागलो. जितकं बोललो तितकं ते खोटं वाटत गेलं. सुईणबाईनं लोटा खाली केला आणि पाणी मातीत ओतून दिलं.

मालगुजारानं जाताना मला बाजूला घेतलं. "वा गा! नाही म्हटलं नाही, अन् प्यालेबी नाही. युक्ती भारी काढली." त्याच्या एक मुस्कटात मारावी असं वाटलं. पण हात उठला नाही, कारण तेवढ्यात मला आपल्या मनातलं दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी रंग उतरल्यावर मला तो लोटा पिता आला असता. एक रात्र चावडीत काढायची होती, बस. मी मात्र पुढच्या गावी काम आहे असं सांगून दुपारच्याच बंडीनं निघालो. आणि खरं लिहायचं तर वेशीबाहेर पडताच मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं रोगापासून होतं की भावानं बजावलं होतं त्यापासून, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतो आहे. मला रोगाची भीती होती. पण तेवढीच होती असं शपथेवर सांगवत नाही.

जाताना दवेची एक पुडी मी तिच्या उंबऱ्यावर ठेवली होती आणि किती टाकायची ते सांगितलं होतं. तिनं मान हलवली होती.

पुढच्या उन्हाळ्यात त्या भागात पटकी जोरात आली. गावात माणसं गेली. वस्तीत एकही गेलं नाही. सुईणबाई ठरल्या दिवशी स्वतः विहिरीत दवा टाकत होती आणि दिवसभर काठाशी राखण बसत होती, हे मला कोतवालाकडून कळलं. मी कामं टाकून तिकडे धावलो. वाटेत मनात सगळं जुळवलं. गेल्या गेल्या पाणी मागायचं, सगळ्यांदेखत घटाघटा प्यायचं.

"या जी," ती म्हणाली. मी दगडावर बसलो. तोंड उघडायच्या आत ती आत गेली, लोटा घेऊन आली आणि माझ्या हातात न देता जमिनीवर, हातभर लांब ठेवला. पाणी गुलाबी होतं.

"लोट्यात दवा टाकली. तुमच्याजोगतं केलं. घ्या आता."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिनं खरोखरच माझी सोय पाहिली होती.

"बाई, साधं द्या ना," मी म्हणालो.

"साधं आमी पेतो जी."

मी लोटा उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. जिभेवर तुरट चव राहिली. तिनं रिकामा लोटा उचलला आणि विहिरीवर बायांची गर्दी होती तिकडे निघून गेली. त्यानंतरही माझ्या फेऱ्या झाल्या, आणि दर वेळी तिनं न विचारता, न चुकता, माझ्यापुढे लाल पाणीच ठेवलं.