यंदा तिखट येणार नाही

बाळांनो,

यंदा आजीकडून तिखटाचं पार्सल येणार नाही. तुमच्या आईला फोनवर ‘ऊन फार आहे’ असं सांगून टाकलं. ते पूर्ण खरं नव्हतं, म्हणून आता लिहिते आहे. बोलायला गेलं की वाक्याच्या मध्येच थांबावं लागतं. कागदावर थांबलेलं दिसत नाही.

इंग्रजी शाळेत मी वर्षानुवर्षं श्वसनसंस्था शिकवली. हवा नाकातून श्वासनलिकेत जाते, नळीला दोन फाटे फुटतात, त्यांना आणखी बारीक फांद्या, आणि टोकाला वायुकोशांचे घोस. तिथे प्राणवायू रक्तात उतरतो. नळ्यांना आतून सूक्ष्म केस असतात. आत आलेली धूळ ते घशाकडे लोटत राहतात. हे सगळं फळ्यावर रंगीत खडूंनी काढायची, आणि दर उन्हाळ्यात भिवापुरी मिरची वाळवून, देठ खुडून गिरणीत जाऊन बसायची. दुसऱ्या कुणाचं तिखट आपल्यात मिसळायला नको, हा माझा हट्ट. नाकाला ओला पदर लावला की झालं, असं वाटायचं.

गिरणीवाली म्हणायची, “बाई, बाहेर बसा नं. मी काय तुमची मिरची खाऊन राहिली?”

“मला सवय आहे,” मी खोकत सांगायची.

“सवय तुम्हाले आहे, छातीले थोडी आहे!”

मी हसायची. ते बारीक केस माझ्याही छातीत आहेत, हे तेव्हा कसं सुचलं नाही कोण जाणे.

डॉक्टर म्हणाले, नळ्या आतून सुजून अरुंद झाल्यात. श्वास आत जातो, पण पुरता बाहेर पडत नाही. दोष एकट्या तिखटाचा नसेल, पण गिरणीत जाऊन बसणं आता बंद. मग म्हणाले, “एका श्वासात आकडे मोजा.” मी बारावर थांबले. वर्गात अख्खा परिच्छेद एका दमात वाचणारी मी.

गिरणीवाली म्हणते, मिरची पाठवा, मी दळून देते. मी अजून हो म्हटलेलं नाही. म्हणेन बहुतेक. हट्टालाही दम लागतो.

हे पत्र तीन बैठकांत लिहिलं. मागच्या वर्षीचं तिखट अर्धी बरणी शिल्लक आहे. आज सकाळी एका श्वासात चौदापर्यंत मोजता आलं.