कुठलं बोट धरलंय

मनगटाची नस दबून माझी बोटं बधिर झाली, तेव्हा हिंदमाताच्या आमच्या कापडदुकानात भावाने माझ्या हातातली कात्री काढून घेतली. ती परत मिळवायची म्हणून परळच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईंकडे जातो. दुखणं हाताचं, आणि बाई सुया घोट्यातही टोचतात. मी भांडलो की चष्मा पुसत म्हणतात, "शेठ, बोटांचा नकाशा मेंदूत असतो. तुमचा पुसट झालाय."

परवा त्यांनी डोळे मिटायला लावले. "कुठलं बोट धरलंय?"

"मधलं."

डोळे उघडले, तर त्यांच्या चिमटीत तर्जनी.

"बोट बदललंत तुम्ही," मी तडकलो.

"बरं, हेच धरून ठेवते. पुन्हा मिटा."

ती तर्जनीच आहे हे ठाऊक असूनही मला मधलंच वाटत होतं. बाईंनी बोट सोडलं नाही.