लाहूची एकोणिसावी चिठ्ठी

मुक्ता धाकटी डहाणू या गावची. आईने सुकट-बोंबील विकून तिला एमबीए केलं आणि पोरगी उधव्याजवळच्या कापड रंगवायच्या कारखान्यात एचआर मॅनेजर झाली. "माणसं सांभाळते," आई शेजारणींना सांगायची.

गेल्या वर्षी मुक्ताच्या गळ्यात पर्यावरणही पडलं. हेड ऑफिसने फर्मान काढलं: यापुढे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात पर्यावरणप्रेमाचे दहा गुण. प्रेम मोजायचं कसं, ते एचआरने ठरवावं. मुक्ताने मन लावून ठरवलं. पर्यावरणदिनी हिरवे टी-शर्ट वाटले, शपथ दिली, सूचनापेटी ठेवली, मागच्याच वर्षीच्या खड्ड्यांत नवी रोपं लावली. कारखान्यामागचा ओढा त्या दिवशी जांभळा होता, म्हणून फोटोग्राफरला त्याच्याकडे पाठ करून उभं केलं.

सूचनापेटीत एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या. अठरा जणांना कागद दोन्ही बाजूंनी वापरायचा होता. एकोणिसावी वेवजी गावच्या लाहूची. बावीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. त्याने लिहिलं होतं, 'सांडपाणी साफ करायचा प्लांट रोज चालवा. तो तपासणीच्या दिवशीच चालतो.'

कारखान्याचे प्रमुख यतीनभाई चिठ्ठी वाचून म्हणाले, "मेमो काढ याला. निगेटिव्ह माणूस आहे."

"सर, सूचना आपणच मागितल्या होत्या."

"सूचना मागितली होती. तक्रार नाही!"

मुक्ता मेमो टाइप करायला बसली. नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि 'कारण' या रकान्याशी अडली. काय लिहावं? ओढ्याकडे पाहिलं? तिला हसू आलं, मग हसण्याचीच लाज वाटली. फोटोग्राफरला वळवून उभं करणारी तीच होती.

तिने मेमो पुसून टाकला आणि हेड ऑफिसचं परिपत्रक उघडलं. 'सर्व सूचना आठवड्याच्या आत पोर्टलवर टाकाव्यात. परदेशी ग्राहक त्या वाचतात.' नियम म्हणजे नियम. तिने एकोणीसच्या एकोणीस टाकल्या. लाहूची सगळ्यात वर.

पंधरा दिवसांनी ग्राहकाची माणसं न कळवता आली आणि थेट ओढ्यावर गेली. दुसऱ्या दिवसापासून प्लांट अहोरात्र चालू झाला. महिनाभरात हेड ऑफिसने यतीनभाईंना 'हरित नेतृत्व' पुरस्कार दिला. भाषणात ते म्हणाले, "ही कल्पना बरीच वर्षं माझ्या डोक्यात होती." तिथून ती बाहेर का आली नाही, हे कुणी विचारलं नाही. लाहूला कापडी पिशवी मिळाली. मुक्ताला दहापैकी तीन गुण. शेरा: 'संघभावना कमी.'

ती राजीनामा देईल असं ऑफिसात सगळ्यांना वाटलं. तिने दिला नाही. पुढची सूचनापेटी कोण उघडणार?

मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीत ती ओढ्यावर गेली. लाहू काठावर बसून भाकर खात होता.

"पाणी बरं दिसतंय की, लाहूदादा. मासे आले का?"

"नाय अजून, मॅडम. ते शपथ घेऊन येत नायत. दोन पावसाळे बघतील, मग येतील." त्याने सरकून तिला बसायला जागा केली.